जंतूंना 'अहो' म्हणणारी

तुमच्या घरात 'अहो' कोणाला म्हणतात?

घाई नको, खरं सांगा. नवऱ्याला, बरोबर. सासऱ्यांना. सत्यनारायण सांगायला येणाऱ्या गुरुजींना. नगरसेवकाला, तो समोर उभा असेपर्यंत. जो आपलं काहीतरी बिघडवू शकतो, किंवा बिघडवू शकतो असं आपल्याला लहानपणापासून सांगितलंय, त्याला आपण 'अहो' म्हणतो आणि या भीतीला संस्कार हे नाव देतो.

मला शिकवणारी एक बाई नवऱ्याला चारचौघांत 'अरे' म्हणायची आणि काचेच्या बशीत वाढलेल्या जंतूंना 'अहो'.

जबलपूरला, रिछाईच्या कारखान्यांना चिकटून असलेल्या एका खासगी कॉलेजात ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. एका बाजूला पाइपांचा कारखाना, दुसऱ्या बाजूला शेव तळणारा. त्यामुळे आमच्या प्रयोगशाळेतल्या विज्ञानाला कायम फरसाणाचा वास. आम्ही तिला मॅडम म्हणायचो. इथे मात्र मी तिला 'ती' म्हणणार आहे. हा माझा उद्धटपणा समजू नका, तिचीच अट आहे. मी मराठी आहे हे कळल्यावर पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "माझ्याशी मराठी बोलायचं असलं तर अहोजाहो नको करू. मी अजून कोणाला मारलं नाही."

तिचा नियम सरळ होता. जो आजारी पाडत नाही तो 'अरे'. दह्यातला, इडलीच्या पिठातला, प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवून पार गरीब झालेला ई. कोलाय, या सगळ्यांशी ती घरच्या पोरासारखी बोलायची. काहून रे, आज वाढला नाही, जेवण आवडलं नाही काय, असं. आणि बशीत जखमेत पू करणारा एखादा असला की आवाज उतरायचा, पाठ ताठ व्हायची. "बसा. झाकण लावते हं. आपण वाढा, पण इथंच वाढा." एखाद्या कडक व्याह्यांना पाटावर बसवावं तसं.

नवरा रेल्वेतून निवृत्त झालेला, शांत माणूस. रोज दुपारी स्कूटरवरून तिचा डबा घेऊन यायचा आणि रोज शिव्या खायचा. अरे, लोणचं विसरला तू. अरे, चमचा कुठंय. तो हसून परत जायचा. मराठी मंडळातल्या बायका यावरून नाकं मुरडतात हे तिला कोणीतरी सांगितलं, तेव्हा तिने हातातली हिरवट बशी वर केली. "तो माझं काय वाकडं करणार आहे? फार तर भाजीत मीठ कमी टाकेल. त्याला अरे म्हटलेलं चालते. यांना म्हणून पाहा म्हणा."

आमच्या गटातला दुबे शहपुऱ्याचा. घरी मटारची शेती, मराठीचा गंध नाही. वर्षभर तो हे 'अहो' आणि 'अरे' ऐकत राहिला आणि त्याची पक्की समजूत झाली की हे शास्त्रीय शब्द आहेत. एक दिवस आम्ही फ्रीज उघडला तर वरच्या कप्प्यावर सुवाच्य अक्षरात चिकटपट्टी होती, 'अरे'. खालच्या कप्प्यावर 'अहो'. विचारलं तर अगदी गंभीरपणे म्हणाला, "मैडम रोज बोलती हैं, ये अहो वाला, ये अरे वाला. ग्रीक होगा."

ती हसत हसत स्टुलावर बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. पण पट्ट्या काढू दिल्या नाहीत. म्हणाली, पुस्तकातल्या वर्गीकरणापेक्षा हे बरं आहे, निदान हात लावताना माणूस घाबरेल तरी. पुढे बाहेरून तपासणीला आलेल्या एका गृहस्थांनी फ्रीजपाशी थांबून विचारलं, हे 'अहो' म्हणजे काय. दुबेनेच उत्तर दिलं, "पैथोजन, सर." गृहस्थांनी मान डोलावली. मराठी भाषेने विज्ञानाला दिलेलं हे योगदान कोणत्याही साहित्य संमेलनात मांडलं गेलेलं नाही, याची मी इथे जाहीर खंत व्यक्त करते.

याच दुबेमुळे आमचा प्रकल्प सुरू झाला. 'अहो' कप्प्यातली सर्वांत मानाची मंडळी म्हणजे स्यूडोमोनास. जखमेत शिरतात, हिरवा पू करतात आणि बहुतेक औषधांना भीक घालत नाहीत. त्यांच्या बशीला पिकलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास येतो. बशी हुंगायची नसते, हे ती स्वतःच शिकवायची. पण झाकण सरकलं आणि शेवेच्या तेलातूनही तो वास टेबलभर पसरला. दुबे पांढरा पडला. म्हणाला, "ये तो बाबूजी के पैर की गंध है."

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा पत्रा लागून त्याच्या वडिलांच्या पायाला जखम झाली होती. गावातल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, थोडं बरं वाटलं, गोळ्या सोडल्या. पुन्हा चिघळलं, पुन्हा गोळ्या, पुन्हा सोडल्या. शेवटी जबलपूरला आणलं तोवर देऊन पाहिलेलं एकही औषध लागू पडेना. पाय घोट्याच्या वर कापला. हे सगळं त्याने खाली बघून हिंदीत, दोनचार वाक्यांत सांगितलं. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या तिने फळ्यावर लिहिलं, 'या मंडळींना घरात शिरून कसं मारायचं?' आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "चलो, सांगा."

आम्ही शोधलेली युक्ती थोडक्यात सांगते. स्यूडोमोनास एकेकटे हल्ला करत नाहीत. आधी आपापसात रसायनांची कुजबुज करतात, पुरेसे जण जमले याची खात्री करतात, मगच विष सोडतात. शास्त्रज्ञ याला कोरम म्हणतात. माझं लहानपण बाबांच्या फॅक्टरीतल्या युनियनमध्ये त्यांच्या पत्रकांची घडी घालण्यात गेलं, त्यामुळे हे ऐकून माझा जीव त्यांच्यावर जडलाच. कोरमशिवाय ठराव नाही! आमच्या युनियनच्या अर्ध्या बैठका कोरमअभावी तहकूब व्हायच्या. मी हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, म्हणून तर त्यांना अहो म्हणायचं, संघटना आहे त्यांची.

तर आम्हाला आमच्या गरीब ई. कोलायचे जनुक बदलून असा जंतू घडवायचा होता, जो ती कुजबुज ऐकेल, शत्रूला मारणारं द्रव्य पोटात तयार करेल आणि मग स्वतः फुटून ते सांडेल. मी उत्साहाने त्याला 'हुतात्मा' नाव सुचवलं. तिने विचारलं, "त्याला विचारलं काय तू? मग त्याला हुतात्मा नाही, सरकारी नोकर म्हण."

नोकर नाव पडलं. आणि नोकर काम करायला लागला. बशीत जिथे आम्ही त्याला सोडायचो तिथे हिरवी साय विरत जायची. दुबे रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन दारात उभा असायचा.

आता थोडं विषयांतर, पण ते केल्याशिवाय ही बाई कळणार नाही.

ती कोणाच्याही घरी गेली की औषधांचा डबा मागायची. आमच्या घरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आली तेव्हाची गोष्ट. आईने वाण पुढे केलं. ती म्हणाली, ते राहू दे, डबा दाखव. कसला डबा, आईला कळेना. "औषधांचा गं. बिस्किटांचा जुना असेल, वरच्या फळीवर." खरंच तिथेच होता. जमलेल्या बायका अत्तर लावून बसल्या होत्या आणि ही मधोमध मांडी घालून ताटात गोळ्यांच्या पट्ट्या तांदळासारख्या निवडत होती. तेवढ्यात तिला एका प्रतिजैविकाची पट्टी सापडली. थोड्या गोळ्या खाल्लेल्या, बाकीच्या शाबूत.

"हे कोणाचं?"

बाबा आतून आले. म्हणाले, ताप होता, उतरला, मग सोडल्या.

"भाऊ, तुम्ही संप करता ना? अर्ध्यावर सोडलेला संप मालकाला काय शिकवतो?"

बाबांनी उत्तर लगेच दिलं, ते त्यांना तोंडपाठ होतं. "पुढचा कसा मोडायचा ते."

"मग?"

आयुष्यभर गेटवर भाषणं देणारा माझा बाप! संप मोडणारा म्हणून त्यांनी किती लोकांचा उद्धार केला होता, आणि इथे हे स्वतः तापाच्या बाजूने फुटलेले. आई त्यानंतर कित्येक दिवस भांडण झालं की फक्त डब्याकडे बघायची.

तर आता डायरेक्टर. कॉलेज त्याच्या वडिलांनी काढलेलं आणि तो स्वतः कधीकाळी तिचा विद्यार्थी. ती त्याला सगळ्यांसमोर 'बेटा' म्हणायची, 'तू' म्हणायची, शर्टाचं बटण लावायला सांगायची. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त फोटोची भूक होती. आमच्या प्रकल्पाची बातमी त्याच्यापर्यंत पोचली आणि आठवड्याभरात कॉलेजच्या फाटकावर फलक लागला, 'नर्मदा मैया को रोगमुक्त करेंगे हमारे बच्चे'. खाली त्याचा फोटो, आमच्यापेक्षा मोठा. नर्मदेच्या फोटोपेक्षाही मोठा.

आमचा नोकर जखमेसाठी होता. नदीला जखम झाली होती काय? पण तिलवाऱ्याच्या घाटावर मंडप ठरला, एक मोठे पाहुणे ठरले. पाहुणे मंत्रोच्चारात आमचा नोकर कलशातून नर्मदेत सोडणार, बच्चे टाळ्या वाजवणार. कार्यक्रम नीट झाला तर प्रयोगशाळेला नवी यंत्रं आणि आम्हाला परदेशातल्या स्पर्धेला पाठवणं, हे डायरेक्टरने भर सभेत कबूल केलं. कलश तांब्याचा. तांबं स्वतःच जंतू मारतं हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत असतं. पण शुभकार्यात विज्ञानाने मध्ये बोलायचं नसतं.

ती आधी हसली. म्हणाली, बेटा, लगामाची चाचणी झाल्याशिवाय बशीबाहेर एक थेंब जाणार नाही, आणि नदीत तर चाचणी झाल्यावरही नाही. लगाम म्हणजे असं, आम्ही नोकराला एक खास खाणं लावलं होतं, जे फक्त आमच्या बाटलीत मिळतं. बाहेर पडला की उपाशी मरायला हवा. आम्ही त्याला ते खाणं नसलेल्या बशीवर पसरलं. दुसऱ्या दिवशी बशी कोरी असायला हवी होती.

सकाळी दुबेने बशी उजेडात धरली. कोरी नव्हती. मोठ्या मोकळ्या मैदानात पांढरे ठिपके, अगदी थोडे, कोणीतरी मीठ सांडल्यासारखे. कोट्यवधींतले मूठभर. पण ते आमचं खाणं नसताना जगले होते. जंतू हे करतातच. अडवलं की कोट्यवधींत एखादा निघतो, ज्याला पळवाट सापडते.

आम्ही बशी तिच्यापुढे ठेवली. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पाठ ताठ केली आणि आवाज उतरवून म्हणाली,

"बसा. झाकण लावते हं."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मराठी न येणाऱ्या दुबेलाच ते सर्वांत आधी कळलं.

"मैडम, थोड़े से ही तो हैं," तो म्हणाला. "फिर से साफ करके बना लेंगे. किसी को मत बताइए. बाबूजी का दूसरा पैर भी..." दुसऱ्या पायालाही जखम झाली होती, हे त्याने आम्हाला तोवर सांगितलं नव्हतं.

ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. तिच्या हिंदीत मराठीच जास्त असायची. "सुन रे. तेरे बाबूजी के पैर में क्या था? थोड़े से ही थे ना, जो गोळी से बच गए?"

त्याने मान हलवली.

"मग?"

तोच 'मग', जो माझ्या बापाला लागला होता.

डायरेक्टरकडे ती त्याच दिवशी गेली, मला घेऊन. त्याने ऐकून घेतलं, खुर्ची मागे रेलवली. आधी म्हणाला, नर्मदा एवढी मोठी, मूठभर जंतूंनी काय होणार. मग त्याने दार लावलं आणि समजूतदारपणे म्हणाला, "ठीक है. तो सादा पानी भर दीजिए, मैडम. कौन देखने आ रहा है?"

ती उभी राहिली. साडीची चुणी सरळ केली. "आप कार्यक्रम रद्द कर दीजिए, डायरेक्टर साहब."

आप! बेटा गेला, तू गेला. त्याला मात्र काहीच कळलं नाही, उलट जरा खूष झाला असावा, की अखेर म्हातारीने मान दिला. फ्रीजचा खालचा कप्पा त्याने कधी उघडून पाहिला नव्हता. इथून पुढे मीही त्यांना 'ते' म्हणते.

त्यांनी कार्यक्रम रद्द केला नाही. साध्या पाण्याचा कलश त्यांनीच भरून आणला. तिलवाऱ्याला मंडप, खुर्च्या, झेंडूच्या माळा, सगळं यथासांग. आणि रीतच आहे म्हणून मार्गदर्शक प्राध्यापिकेला दोन शब्द बोलायला बोलावलं. ही चूक फक्त तिला न ओळखणाराच करू शकतो.

ती माइकपाशी गेली. आवाज चढवला नाही. हिंदीत म्हणाली, मुलांनी खूप चांगलं काम केलंय, त्यांचा जंतू जखमेतल्या रोगजंतूला मारतो, हे खरं आहे. त्याला लगाम घालायला आम्हाला अजून जमलेलं नाही, हेही खरं आहे. म्हणून तो प्रयोगशाळेत आहे, तिथेच राहील. "इस कलश में सादा पानी है. नर्मदा जी के पास पानी पहले से है."

पाहुण्यांच्या हातात कलश होता. त्यांनी तो हळूच खाली ठेवला, जणू त्यातून काहीतरी बाहेर येईल. पुढच्या रांगेतला एक म्हातारा नावाडी मोठ्याने हसला.

नंतरचं तुम्हाला अंदाजाने कळलं असेल. तिला नोटीस मिळाली. प्रकल्प बंद, सोमवारपासून प्रयोगशाळेला कुलूप. मी पेटले होते. घरी बसून पत्रक लिहिलं, त्यात 'धिक्कार' हा शब्द दर दुसऱ्या ओळीत. ती वाचून म्हणाली, छान आहे, पण आधी इकडे ये, काम आहे.

काम असं की कुलूप लागायच्या आधी सगळे नोकर मारायचे होते. मी तिच्यावर ओरडले. इतक्या महिन्यांची मेहनत, एक बाटली तरी घरी नेऊ, लपवू. तिने शांतपणे विचारलं, बंद खोलीत वीज गेली आणि फ्रीजमधल्या बाटल्या उतू गेल्या, तर कोण येईल पाहायला? कोणीतरी खोली धुवायला आलं आणि बाटल्या मोरीत ओतल्या, तर? पत्रकांतून असल्या प्रश्नांची उत्तरं नसतात.

जंतू वाफेने मारायचं यंत्र म्हणजे एक मोठा कुकरच. दुबे एकेक बाटली आणून देत होता आणि ती आत ठेवत होती. प्रत्येक बाटलीला, "चला, आत बसा." शेवटची बाटली देण्याआधी दुबे फ्रीजपाशी थांबला. वरच्या कप्प्यावरची 'अरे'ची पट्टी त्याने पाहिली, मग खालच्या कप्प्यावरची 'अहो'ची नखाने उचकटून काढली आणि त्या बाटलीवर चिकटवली. मगच तिच्या हातात दिली. "अब ठीक है, मैडम," तो म्हणाला.

त्या दिवशी तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि आयुष्यात एकदाच कोणा माणसाला चांगल्या अर्थाने म्हणाली, "अहो दुबेजी, घरी जा आता. बाबूजींना घेऊन या. पायाचं बघू."

बाबूजींना तिने स्वतः दवाखान्यात नेलं. पुवाची तपासणी करून घेतली आणि जे औषध अजून लागू पडत होतं, ते ठरवून दिलेल्या शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण झालं की नाही, हे पाहायला तिचा नवरा डबे पोचवणाऱ्या त्याच स्कूटरवरून शहपुऱ्याला फेऱ्या मारत राहिला. अरे, आज गेला होता काय तू. अरे, गोळी तुझ्यासमोर घेतली काय. दुसरा पाय वाचला. आमच्या नोकराने नाही वाचवला. साध्या, जुन्या औषधाने वाचवला, कारण ते कोणी अर्ध्यावर सोडलं नाही.

ती आता कुठल्याच कॉलेजात नाही. लोकांच्या घरी जाते, डबे निवडते, शिव्या देते. दुबे दुसरीकडे शिकतोय, नवा लगाम घडवतोय. डायरेक्टर साहेबांचा फलक अजून फाटकावर आहे. उन्हाने त्यावरची नर्मदा उडाली, ते राहिलेत.

माझं ते पत्रक कधी छापलं गेलं नाही. त्याऐवजी हे छापते आहे, आणि पत्रकाच्या शेवटी असते तशी मागणीही करते आहे. ही मागणी सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे.

उठा. वरच्या फळीवरचा डबा खाली काढा. अर्धवट राहिलेल्या प्रतिजैविकाच्या पट्ट्या वेगळ्या करा. त्या शेजारणीला देऊ नका, पुढच्या तापाला स्वतः खाऊ नका, नाल्यात टाकू नका, नर्मदेत तर अजिबात नको. औषधाच्या दुकानात किंवा दवाखान्यात विचारा, त्यांची विल्हेवाट कशी लावायची. पुढच्या वेळी डॉक्टर सांगेल तितके दिवस, बरं वाटलं तरी, गोळ्या घ्या. आणि डबा परत फळीवर ठेवण्याआधी पेन घेऊन त्याच्या झाकणावर दोन अक्षरं लिहा: अहो.

नवऱ्याला काय म्हणायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.